लेकराचं दुखणं आणि कायद्याचं कलम

गेल्या १४ एप्रिलला आमच्या गावच्या बुद्धविहारात आम्ही सिकलसेल तपासणीचं शिबिर ठेवलं. गाव वर्धा जिल्ह्यातलं, समुद्रपूर तालुक्यातलं. सकाळी ध्वजारोहण झालं, वंदना झाली आणि विहाराच्या ओट्यावर टेबल मांडून आम्ही लोकांच्या बोटाला सुई टोचायला बसलो. तेवढ्यात जयंती समितीतले एक काकाजी जवळ आले. नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेला माणूस. म्हणाले, "बाबू, काम चांगलं आहे. पण हे पुण्याचं काम झालं. शेटजीच्या ट्रस्टनं करावं असं. आपली लढाई हक्काची. तुम्ही पोरं सेवेच्या मागं कायले लागले?"

काकाजींचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, त्या जिल्ह्यातल्या आंबेडकरी माणसाला 'सेवा' या शब्दाची धास्ती वाटणारच. पुणे करारानंतर १९३२ साली अस्पृश्यतेच्या कामासाठी संघटना निघाली. तिचं पुढे हरिजन सेवक संघ असं नामकरण झालं. सुरुवातीला बाबासाहेब तिच्या मंडळावर होते. गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून त्यांनी ठक्कर बाप्पांना सविस्तर पत्र लिहिलं. व्यक्तीला सुधारत बसण्यापेक्षा तिच्या भोवतालची परिस्थिती बदला, पाणवठ्याच्या, शाळेच्या, रस्त्याच्या नागरी हक्कांसाठी मोहीम काढा, असा त्या पत्राचा सूर होता. त्या पत्राची दखल घेतली गेली नाही आणि बाबासाहेब त्या संघटनेतून बाहेर पडले. सेवा करणारा वर आणि सेवा घेणारा खाली, ही उतरंड त्यांना मान्य नव्हती. आम्हालाही नाही.

तरीही आम्ही सुई खाली ठेवली नाही. काकाजींना गर्दीत धड उत्तर देता आलं नाही, ते इथे देतो आहोत. त्यासाठी आधी घरातली गोष्ट सांगावी लागेल.

आमच्या आईचं पहिलं लेकरू म्हणजे आमची ताई. ती नवव्या वर्षी गेली. कशाने गेली हे आजही कागदावर कुठेच नाही. आई सांगते, थंडी पडली की ताई रात्रभर रडायची, "हाडं फुटतेत व माय" म्हणायची. डोळे पिवळे दिसायचे. गावात कोणी काविळीचा धागा बांधला, कोणी बाहेरचं आहे म्हणून लिंबू उतरवला. एका डॉक्टरने संधिवात सांगितला, दुसऱ्याने टॉनिक दिलं. बाबांनी दोन शेळ्या विकल्या. शेवटचे तीन दिवस ताप होता.

मग आमचा धाकटा भाऊ. त्याचंही तसंच सुरू झालं. शाळेत तो सारखा पाणी प्यायला आणि लघवीला उठायचा, म्हणून गुरुजींनी त्याचं नाव 'पाणीवाला' ठेवलं. कापूस वेचायला वावरात नेलं तर दुपारपर्यंत पाय धरून बसायचा. शेतमालक म्हणायचा, पोरगं कामचोर आहे. खरं सांगायचं तर आम्हीही म्हणायचो. तो अकरा वर्षांचा असताना छातीत दुखून बेशुद्ध पडला. मोठ्या दवाखान्यात नेला तेव्हा कुठे एका शिकाऊ डॉक्टरीण बाईंनी विचारलं, याची सिकलसेल तपासणी झाली आहे का? तो शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रिपोर्ट आला: एसएस. मग आई, बाबा आणि आम्ही, तिघांचं रक्त तपासलं. तिघेही एएस, म्हणजे वाहक.

त्या दिवशी आई एवढंच म्हणाली, "म्हणजे माही पोरगी याच्यानंच गेली." कोणी उत्तर दिलं नाही. आम्ही बारावीनंतर डीएमएलटी केलं, प्रयोगशाळेत काम धरलं आणि सुट्टीच्या दिवशी विहारातून शिबिरं घ्यायला लागलो, त्याची सुरुवात त्या वाक्यात आहे. याला करिअर म्हणायचं की घरचं देणं फेडणं, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

आता हा आजार काय आहे ते थोडक्यात. रक्तातल्या लाल पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे असह्य कळा येतात. थंडी, ताप, शरीरातलं पाणी कमी होणं आणि अतिश्रम यांनी हे वाढतं. मे महिन्याच्या उन्हात आणि डिसेंबरच्या गारठ्यात मजुरी करणाऱ्याच्या आयुष्यात यातलं काय टळतं? हा आजार शिवल्याने, उष्टं खाल्ल्याने होत नाही. तो आईवडिलांकडून येतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. "पहिलं गेलं, आता दुसऱ्याला काही होत नाही" असा हिशेब इथे चालत नाही. आमच्याच घरात तो चालला नाही.

हा दोष आपल्या वस्त्यांत जास्त का, असं तरुण पोरं विचारतात. १९५८ सालीच नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. विदर्भात हा आजार मुख्यतः आदिवासी आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात दिसतो. म्हणून आपलं रक्त हलकं ठरत नाही. जिथे हिवतापाचा कहर होता तिथे सिकलसेलचा एकच जनुक असणारी माणसं जीवघेण्या हिवतापातून जास्त वाचली, म्हणून तो जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकला. एक गोष्ट मात्र निसर्गाने केलेली नाही, माणसाने केली. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जातीचं मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे. लग्नाचं कुंपण जितकं आवळलेलं, तितके दोन वाहक एकमेकांसमोर येण्याचे प्रसंग जास्त. आंतरजातीय विवाह हे सिकलसेलचं औषध आहे असा दावा आम्ही करत नाही. पण जात माणसाच्या विहिरीपुरती थांबत नाही, ती त्याच्या रक्तपेशीपर्यंत पोचते, हे आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली रोज बघतो.

इथे नागपूरच्या संपत रामटेके यांचं नाव घ्यायला हवं. दुर्दैव असं की आपल्यातल्या अनेक कार्यकर्त्यांना ते ठाऊक नाही. रामटेके यांच्या मुलाला सिकलसेल होता. लेकराच्या वेदनेने घर खचतं, हे आम्ही जाणतो. रामटेके त्या वेदनेतून उठले आणि नागपुरात सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. रुग्णांची कुटुंबं जोडली, लोकांना आजार समजावून सांगितला, सरकारी कार्यालयांचे उंबरठे झिजवले. त्यांची मागणी ठाम होती: हा आजार कायद्याने अपंगत्व म्हणून मान्य करा. २०१८ साली त्यांना सामाजिक कार्यासाठी पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ते हयात नव्हते.

या मागणीचं महत्त्व समजून घ्या. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यात रक्ताचा एकही आजार नव्हता. डिसेंबर २०१६ मध्ये संसदेने नवा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा केला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकार आले आणि त्यांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया यांच्या जोडीला सिकलसेलही आला. रामटेके आणि त्यांच्यासारख्या अनेक पालकांच्या झगड्याचं हे फळ आहे.

घरातल्या मरणाने हेलावून आरोग्याचं काम उभं करणारी माणसं आपल्या देशात आधीही झाली. १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढे टाटांच्या ट्रस्टच्या पैशातून मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं, ते १९४१ साली सुरू झालं. आमच्या तालुक्यातली कितीतरी माणसं तिथे उपचार घेऊन आली. त्या कामाबद्दल आमच्या मनात कृतज्ञता आहे. पण ज्याच्याकडे टाटांची तिजोरी नाही, त्या बापाने लेकराच्या दुखण्याचं काय करायचं? रामटेके यांनी त्याचं उत्तर दिलं. तिजोरी नसेल तर संघटना बांधायची आणि सरकारला कलम लिहायला लावायचं. श्रीमंताच्या दुःखातून इमारत उभी राहते, गरिबाच्या दुःखातून कायदा उभा राहू शकतो. काकाजी, सेवा आणि हक्क यांच्यामधली वाट ती ही.

ही वाट बाबासाहेबांची आहे असं आम्ही मानतो. त्यांची आणि रमाईंची चार लेकरं गेली. राजरत्न गेला तो १९२६ च्या जुलैत. पुढे १९२८ साली बाबासाहेब मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले आणि हा भार मालकाने व सरकारनेही उचलला पाहिजे असं त्यांनी मांडलं. या दोन गोष्टींचा धागा आम्ही जबरदस्तीने जोडत नाही. पण चार लेकरं मातीत ठेवलेला बाप बाळंतिणीच्या विश्रांतीबद्दल बोलतो, तेव्हा दान मागत नाही, कायदा मागतो, एवढं आपण लक्षात ठेवावं.

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. ती १९२९ साली 'यंग इंडिया'त पत्ररूपाने छापली गेली होती. बाळंतीण बायको तापाने फणफणलेली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. तिला बाहेर आणली, तर तो हात लावायला तयार नाही. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिलं, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला आणि त्याच मार्गाने ते परत गेलं. पुढे ती बाई मेली. शिबिरात म्हाताऱ्या आजीचा हात हातात धरून बोट पुसताना आम्हाला ती हकिकत अनेकदा आठवते. आपल्या माणसाचं रक्त आपल्या माणसाने तपासणं हे किरकोळ काम नव्हे.

आणखी एक गोष्ट पँथरचं नाव अभिमानाने घेणाऱ्या तरुणांसाठी. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. ते नाव, तो त्वेष आपण आणला. पण ब्लॅक पँथरची माणसं त्याच सुमारास काळ्या वस्त्यांत आणखी काय करत होती? १९७१ पासून ती सिकलसेलची मोफत तपासणी करत होती. सरकार आमच्या आजाराकडे पाहत नाही, म्हणून आम्ही पाहू आणि सरकारलाही पाहायला लावू, अशी त्यांची भूमिका होती. १९७२ च्या मे महिन्यात अमेरिकेत सिकलसेल नियंत्रणाचा राष्ट्रीय कायदा झाला. पँथरने टेबल मांडून सुई टोचली म्हणून तिची क्रांती मवाळ झाली, असं कोणी म्हणत नाही.

त्याच अमेरिकेतून एक इशाराही घ्यायचा आहे. तिथे काही राज्यांनी घाईघाईने सक्तीची तपासणी सुरू केली आणि पुरेसं समुपदेशन केलं नाही. परिणामी निरोगी वाहकांनाही नोकरीत आणि विम्यात नाकारलं गेलं. आपल्याकडे हे लग्नात होतं. पहिल्या वर्षी आम्ही अडाणीपणाने एक चूक केली. विहाराच्या फळ्यावर रिपोर्टची यादी लावली. पंधरा दिवसांत एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. ती फक्त वाहक होती, तिला काहीही आजार नव्हता. त्या मुलीची माफी आम्ही तिच्या घरी जाऊन मागितली, पण मोडलेलं जोडता आलं नाही. तेव्हापासून रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात, बंद पाकिटात. वाहक असणं हा कलंक नाही, तपासणी फक्त मुलीची होणार नाही, आणि दोघेही वाहक निघाले तर निर्णय त्या दोघांचा, समितीचा नाही. पत्रिका आपण सोडली, तिच्या जागी रक्ताची नवी पत्रिका बसवायची नाही.

आता अपुऱ्या राहिलेल्या लढाईकडे येऊ. आमचा धाकटा भाऊ बीए झाला. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, चाळीस टक्क्यांच्या वरचं. ते मिळालं त्या दिवशी आईने पेढे वाटले. नंतर एका सरकारी भरतीचा अर्ज भरायला तो बसला. दिव्यांगांच्या रकान्यात प्रकार निवडायचा होता. त्याने यादी वर-खाली तीनदा पाहिली. दृष्टी होती, श्रवण होतं, अस्थिव्यंग होतं. सिकलसेल नव्हता. "भाऊ, मी कशात येतो?" त्याने विचारलं.

तो कशातच येत नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे उच्च शिक्षणात लक्षणीय दिव्यांगांसाठी किमान पाच टक्के जागा आहेत, त्यात सिकलसेलचा विद्यार्थी येतो. पण कलम ३४ मधल्या सरकारी नोकऱ्यांच्या चार टक्के आरक्षणात जे गट मोजले आहेत, त्यात रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे कायदा त्याला सांगतो, तू दिव्यांग आहेस, शीक. आणि शिकून आल्यावर सांगतो, नोकरीपुरता तू दिव्यांग नाहीस. ज्या पोराला उन्हातली मजुरी जिवावर बेतू शकते, त्याला टेबलाची नोकरी नाकारून पुन्हा वावरातच पाठवायचं, याला काय म्हणायचं? रामटेके यांनी दार उघडलं. आत जाण्याचं काम आपल्यावर आहे.

दुसरी बाब. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आहे, सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. मोहीम स्वागतार्ह आहे. पण तिचा रोख आदिवासीबहुल भागांवर आहे. आदिवासी बांधवांचा तो हक्कच आहे, त्यात वाटा मागायचा नाही. मात्र वर्धा, हिंगणघाट, देवळी, आर्वीच्या बौद्ध वस्त्यांतलं लेकरू आदिवासी नाही म्हणून तपासणीविना राहू नये, ही मागणी आपण नाही केली तर कोण करणार?

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने काही दशकांपूर्वी आसपासच्या गावांत एक योजना चालवली. हंगामात गावकऱ्यांनी ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात उपचाराची हमी घ्यायची. आम्ही ती गोष्ट लहानपणी म्हाताऱ्यांकडून ऐकली. सांगणाऱ्यांच्या आवाजात उपकाराचा सूर नव्हता. पायलीभर ज्वारी दिलेला माणूस दवाखान्यात ताठ मानेने जातो. चळवळीने आरोग्याचं काम घ्यावं ते या मापाने घ्यावं. घेणाऱ्याची मान खाली जात असेल तर ते काम आपलं नाही.

म्हणून आमची तीन मागणी-कलमं आहेत, एक सरकारकडे आणि दोन आपल्याच लोकांकडे. सरकारने कलम ३४ मध्ये रक्तविकार घालावेत. प्रत्येक विहार समितीने जयंतीच्या वर्गणीतून वर्षाला एक तपासणी शिबिर घ्यावं, आणि प्राथमिक चाचणीत दोष निघाला तर इलेक्ट्रोफोरेसिसपर्यंत माणसाला पोचवावं, कारण वाहक आणि आजारी यांतला फरक पहिल्या चाचणीत कळत नाही. आणि शिकलेल्या तरुणांनी, 'पे बॅक टू सोसायटी' म्हणताना, पैशाबरोबर आपला विषय परत द्यावा. वकिलाने याचिका द्यावी, शिक्षकाने वर्गातल्या सारखं पाणी मागणाऱ्या पोराला हिणवण्याआधी विचार करावा, नर्सने, लॅबवाल्याने महिन्यातला एक रविवार द्यावा.

शिबिर संपताना काकाजी पुन्हा आले. बाही वर करून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "घे, माहंही पाहून घे. नातवाचं लग्न हाये." आम्ही म्हटलं, काकाजी, मग नातवालाही पाठवा, आणि होणाऱ्या सुनेच्या आधी पाठवा. ते हसले. नातू संध्याकाळी आला.

धाकटा भाऊ त्या दिवशी नावं लिहून घेत होता. टेबलाशी, सावलीत, पाण्याची बाटली शेजारी ठेवून. दिवसभरात शंभरावर नावं त्याने न चुकता लिहिली. हे काम त्याला जमतं. पगार देऊन हे काम त्याला कोणी द्यावं, एवढंच कलमात लिहून हवं आहे.

जय भीम.